वाटणीची चिठ्ठी टाकण्यापूर्वी

बाबा जानेवारी २०२२ मध्ये गेले, आणि त्यांच्या नावावरची ४ हेक्टर ४० आर शेती चौघा वारसांच्या नावे स्वतंत्र होऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हद्दीचे दगड लागेपर्यंत २०२४ चा मे महिना उजाडला. या काळात तहसीलचे अकरा हेलपाटे झाले, सख्ख्या भावाशी तीन आठवडे अबोला झाला, आणि देवाला विचारून निर्णय घेण्याची जी रीत मी लहानपणापासून पाहत आलो होतो, ती मला पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली. वाटणीच्या वेळी ईश्वरचिठ्ठी टाकतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. चिठ्ठीच्या आधी काय करावे लागते, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते. ज्यांच्या घरी हा प्रसंग येऊ घातला आहे, त्यांच्यासाठी सगळे क्रमाने लिहून ठेवत आहे.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला आहे. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तूर आणि सोयाबीन ही पिके, आणि सगळा भरवसा पावसावर. गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते आणि ती संपल्यावर काही मिनिटे शांत बसण्याची आमच्या मंडळाची पद्धत आहे. आई शेगावच्या गजानन महाराजांची भक्त आहे. घरात कोणताही मोठा निर्णय असला, म्हणजे बैलजोडी घेणे असो की सोयरीक जुळवणे असो, बाबा शनिवारी मारुतीच्या देवळात जात, ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन चिठ्ठ्या पायाशी ठेवत आणि एखाद्या लहान मुलाला उचलायला सांगत. जे निघे ते ते निमूटपणे करीत. त्यांचा निर्णय चुकलेला मला आठवत नाही, आणि म्हणूनच ही रीत सोपी आहे असे मला कायम वाटत आले.

पहिले काम वारस नोंदीचे होते. वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवावे असे जमीन महसूल संहितेत आहे, त्यामुळे तेरवी उरकल्यावर फेब्रुवारीत मी मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, चौघांची आधार कार्डे आणि वारसांबाबतचे प्रतिज्ञापत्र घेऊन अर्ज दिला. नोटीस निघाली, हरकतीसाठीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला आणि एप्रिलमध्ये सातबाऱ्यावर आई, दादा, ताई आणि मी अशी चार नावे चढली. येथवर कसलीच अडचण आली नाही. अडचणीला सुरुवात पुढच्या दिवाळीत झाली.

दादाने वाटणीचा विषय काढला तो रास्तच होता, कारण त्याला ठिबकसाठी अर्ज करायचा होता आणि सामाईक सातबाऱ्यावर प्रत्येक कागदाला चौघांच्या सह्या लागत होत्या. त्यावर नात्यातल्या काही वडीलधाऱ्यांनी सुचवले की ताई भाऊबीजेला येईल तेव्हाच तिचे हक्कसोडपत्र करून घ्यावे, म्हणजे जमिनीचे दोनच भाग पाडावे लागतील. आमच्या भागात हे इतके सरसकट चालते की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नाही. ताईचा स्वभावही असा की ती सही करणार, याची आम्हाला खात्री होती. दस्तलेखकाकडे मी स्वतः जाऊन वेळ ठरवून आलो.

तरीही मनात कुठेतरी टोचत होते. म्हणून २२ ऑक्टोबर २०२२ च्या शनिवारी मी बाबांसारखाच देवळात गेलो, ‘हक्कसोड घ्यावे’ आणि ‘घेऊ नये’ अशा दोन चिठ्ठ्या मारुतीच्या पायाशी ठेवल्या आणि पारावर खेळणाऱ्या एका मुलाला हाक मारली. ‘घ्यावे’ ही चिठ्ठी निघाली. मला जो आनंद झाला तो आज आठवला तरी अंगावर काटा येतो, कारण तो आनंद देवाने वाट दाखवल्याचा नव्हता. मला हवे होते ते देवाच्या नावावर मिळाले, याचा होता.

घरी येऊन मी आईला सांगितले. ती तुरीची डाळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “देवाले इचारलं म्हनतं, तिले इचारलं का?”

त्या संध्याकाळी प्रार्थनेनंतर मी आमच्या मंडळातल्या एका निवृत्त गुरुजींना थांबवून घेतले आणि घडले ते सगळे सांगितले. त्यांनी चिठ्ठीला दोष दिला नाही. त्यांनी मला इतकेच विचारले की जी वस्तू माझी नाही, ती मी घ्यावी की नाही हे देवाला विचारण्याचा अधिकार मला कोणी दिला. “शेजाऱ्याची गाय सोडून आणू का, अशी चिठ्ठी तुम्ही टाकाल का?” ते म्हणाले. “दोन्ही वाटा धर्माच्या असतील आणि त्यांतली कोणती धरावी हे कळत नसेल, तेव्हा देवाला विचारावे. एक वाट अधर्माची असेल तर उत्तर आधीच दिलेले आहे. मग चिठ्ठी टाकणे म्हणजे ते उत्तर पुसून टाकण्याची खटपट आहे.”

माझ्या बाबांचा निर्णय का चुकत नसे, ते मला त्या रात्री कळले. ते ज्या दोन गोष्टींमध्ये चिठ्ठी टाकत, त्या दोन्ही चांगल्या असत. गावरान बैल घ्यावा की खिलारी, मुलीला या घरी द्यावे की त्या घरी, अशा त्यांच्या चिठ्ठ्या. वाईट पर्याय ते देवळात नेतच नसत. तो घरीच बाजूला पडलेला असे.

दुसऱ्या दिवशी मी दस्तलेखकाची वेळ रद्द केली. दादा संतापला. भाऊबीज कशीबशी पार पडली आणि त्यानंतर तीन आठवडे आम्ही एकाच अंगणात राहून एकमेकांशी बोललो नाही. ताईला आम्ही त्या भाऊबीजेला काहीच सांगितले नाही, आणि ते न सांगणे हीदेखील चूकच होती.

गुरुजींनी मला पुढे एक गोष्ट सुचवली. एवढा मोठा प्रश्न पहिल्याच दिवशी देवापुढे नेऊ नका, आधी रोजच्या लहान निर्णयांत विचारण्याची सवय लावा, असे ते म्हणाले. मी बाजारातून चाळीस रुपयांची दोनशे पानी वही आणली. रोज रात्री त्या दिवशीचा किंवा उद्याचा एक निर्णय मी तीत लिहीत असे. मला मनातून काय हवे आहे, कशाची भीती वाटते, आणि या निर्णयाची झळ कोणाला लागेल, हे खरे खरे लिहायचे. मग दहा मिनिटे देवघरासमोर काहीही न मागता बसायचे, आणि निर्णय सकाळी घ्यायचा. पहिल्या पंधरवड्यात मी अतिरेक केला. कोणती सरकी ढेप घ्यावी आणि वखर आज चालवावा की उद्या, हेही मी देवाला विचारू लागलो. तेव्हा गुरुजींनी समजावले की वखर कधी चालवावा हे कळण्यासाठी देवाने हाताला मातीचा ओलावा दिलेला आहे. दिलेली बुद्धी न वापरता तिच्याच उत्तरासाठी त्याच्या दारात उभे राहणे, हा त्याने दिलेल्या देणगीचा अव्हेर आहे.

या वहीने मला सर्वांत जास्त शिकवले ते कापसाच्या बाबतीत. आदल्या हंगामात, म्हणजे २०२१-२२ मध्ये, कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, त्यामुळे २०२२ च्या दिवाळीनंतर आमच्या गावात जवळजवळ सगळ्यांनी माल घरात भरून ठेवला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ६ हजार ३८० रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच वर होता, पण मनात दहा हजारच बसले होते. जानेवारीत व्यापारी ८ हजार २०० देत होता. मी वहीत लिहिले: विकू की थांबू? बसलो. काहीही उत्तर आले नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या रात्री माझ्या ध्यानात आले की पुढचा भाव काय असेल हे मी देवाला विचारत होतो, आणि ते सांगणे हे त्याच्या मार्गदर्शनाचे काम नाही. मग मी प्रश्न बदलला. या कापसातून येणाऱ्या पैशांवर कोणाचा हक्क आहे, असे लिहिले, आणि एकाच बैठकीत उत्तर समोर आले: मुलीच्या वसतिगृहाचे शुल्क फेब्रुवारीत भरायचे होते, वेचणीच्या बायांची दोन आठवड्यांची मजुरी बाकी होती, आणि घरात साठवलेल्या कापसाने आईच्या अंगाला खाज सुटली होती. मी निम्मा कापूस त्याच आठवड्यात विकला आणि दोन्ही देणी भागवली. उरलेला निम्मा मे महिन्यात ७ हजार ३०० ने गेला, म्हणजे त्यात तोटाच झाला. तो तोटा मला सोसवला, कारण जे निकडीचे होते ते वेळेवर झाले होते. प्रश्न बदलून पाहावा, ही एक युक्ती मी अगदी मनापासून सांगतो. उत्तर येत नाही तेव्हा बहुधा आपण चुकीची गोष्ट विचारत असतो.

दादाशी पुन्हा बोलणे सुरू झाले तेही वहीमुळेच. ‘आधी कोणी बोलावे’ असा प्रश्न मी लिहिला, आणि तो लिहून झाल्यावर तो पुन्हा वाचण्याचीही मला लाज वाटली. मी उठून कोठ्यात गेलो, दादा बैलांना कडबा टाकत होता, आणि त्याच्या हातातली पेंढी धरून मी गव्हाणीत सारली. बोलणे त्यानंतर सुरू झाले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही दोघे भाऊ वकिलांकडे गेलो. सल्ल्याचे १ हजार ५०० रुपये झाले आणि ते सार्थकी लागले. मुलींना समान हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, असे आम्ही ऐकून होतो. वकिलांनी सांगितले की ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीसाठी आहे. आमच्या बाबांनी जमीन स्वतःच्या कष्टाने विकत घेतली होती आणि मृत्युपत्र केले नव्हते. अशा जमिनीत पत्नी, मुलगे आणि मुलगी यांना सारखा हिस्सा हिंदू उत्तराधिकार कायद्याने १९५६ पासूनच दिलेला आहे. म्हणजे चौघांचा प्रत्येकी एक चतुर्थांश. दादा बाहेर येऊन बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “चल, तायडीकडे जाऊ.”

ताईचे सासर पुसदच्या बाजूला आहे. आम्ही दोघांनी तिच्या ओसरीवर बसून तिला सगळे सांगितले, हक्कसोडाच्या बेतासह. माझ्यासाठी या संपूर्ण प्रवासातला हा सर्वांत अवघड तास होता. ती रडली, पण जमिनीसाठी नाही. आपल्याला कोणी विचारीत नाही, याचे तिला लहानपणापासून वाईट वाटत आले होते, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा बोलून दाखवले. सही करायची तिची तयारी आजही आहे, असेही ती म्हणाली. आम्ही तिला सांगितले की तिनेही घाई करू नये, देवापुढे बसावे, नवऱ्याशी बोलावे आणि महिन्याभराने कळवावे. ती महिन्याने म्हणाली की हिस्सा ठेवीन, माझ्या नावावर राहू द्या, वाहायला मात्र मक्त्याने, म्हणजे भाड्याने, दादाकडेच देईन.

आता खरी वाटणी सुरू झाली, आणि चिठ्ठीच्या आधीचे काम म्हणजे काय ते येथे कळले. आमच्या जमिनीचे दोन गट, म्हणजे दोन तुकडे आहेत. एक २ हेक्टरचा, काळ्या भारी जमिनीचा, ज्यात विहीर आहे. दुसरा २ हेक्टर ४० आरचा, मुरमाड, एका बाजूला नाला आणि दुसऱ्या बाजूला पांदण, म्हणजे शेतरस्ता असलेला. मी आधी कागदावर प्रत्येकी १ हेक्टर १० आर असे चार चौकोन आखले होते. क्षेत्र समान, म्हणून न्याय झाला असे मला वाटत होते. गुरुजींनी तो कागद पाहून मला एकच कसोटी दिली: यातला कोणताही भाग तुमच्या वाट्याला आला तर तुम्ही मनात कुरकुर न करता घ्याल का? जोवर चौघेही चारही भागांकडे पाहून हो म्हणत नाहीत, तोवर चिठ्ठी देवापुढे ठेवायची नाही.

मार्च आणि अर्धा एप्रिल आम्ही वावरात हिंडलो. शासनाने १७ मार्चपासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट केले होते, त्यामुळे ताईला दर आठवड्याला येणे परवडले, आणि ती आल्यावाचून आम्ही काहीही ठरवले नाही. दादाला मातीची जाण माझ्यापेक्षा जास्त, म्हणून भाग पाडण्याचे काम त्याच्याकडे दिले. त्याने काळ्या जमिनीचे १ हेक्टरचे दोन आणि मुरमाड जमिनीचे १ हेक्टर २० आरचे दोन भाग केले. हलक्या जमिनीला अर्धा एकर जास्त. तरीही नाल्याकडचा भाग घ्यायला कोणी मनापासून तयार नव्हते, कारण तेथे पावसाळ्यात काठ खचतो आणि वावरात जायला वाट नव्हती. मग पांदणीपासून त्या भागापर्यंत बंडी जाईल एवढी वाट दुसऱ्या भागातून सोडायची असे ठरले. विहीर कोणाच्याही भागात आली तरी तिच्यात चौघांचा सारखा हक्क राहील आणि पाण्याच्या पाळ्या आठवड्याच्या वारांवर पडतील, असे लिहिले. ज्याच्या भागात विहीर येईल त्याने पाइप टाकायला आडकाठी करायची नाही, हे वाक्य आईने घालायला लावले. असे एकेक कलम वाढत गेले, आणि एके दिवशी धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून चौघांनी एकमेकांना विचारले, तेव्हा प्रत्येकाने प्रत्येक भागाला हो म्हटले. देवाचा हात मला त्या दिवशी सर्वांत स्पष्ट जाणवला, आणि तोवर एकही चिठ्ठी टाकलेली नव्हती.

चिठ्ठीसाठी अक्षय तृतीया धरली, २२ एप्रिल २०२३. आखाजीला आम्ही घागर पुजून पितरांना पान ठेवतो, तेव्हा बाबाही त्या दिवशी घरात असतील अशी आईची भावना होती. आदल्या रात्री मी वहीत लिहिले की मला विहिरीचा भाग हवा आहे, आणि तो मिळाला नाही तर मला दुःख होईल, पण तक्रार करणार नाही. खोटे लिहिण्यापेक्षा हे बरे होते. सकाळी देवघरासमोर चार चिठ्ठ्या ठेवल्या आणि ताईच्या धाकट्या मुलीने वयाच्या क्रमाने एकेकाच्या हातात दिल्या. विहिरीचा काळा भाग दादाला, दुसरा काळा आईला, पांदणीकडचा ताईला आणि नाल्याकडचा मला आला.

माझ्या छातीत क्षणभर खड्डा पडला, हे मी लपवत नाही. पुरणपोळीचा घास गिळवत नव्हता. दादाने संध्याकाळी नेहमीप्रमाणे भेंडवळच्या घटमांडणीचे पाऊसपाण्याचे भाकीत सकाळी किती वाजता कळेल म्हणून फोनाफोनी केली आणि घर पुन्हा रोजच्या वळणावर आले. मला मात्र त्या रात्री एक मोह झाला: आईचा भाग काळा आहे, तिला तो कसायचा नाही, तर तिच्याकडे अदलाबदल मागावी का? मी ते लिहिले. सकाळी उत्तर स्वच्छ होते. मागण्याचा अधिकार मला होता, पण माझ्यासमोर नाही म्हणण्याचे बळ आईत नव्हते, आणि जिला नाही म्हणता येत नाही तिच्याकडे मागणे म्हणजे घेणेच. मी मागितले नाही. आईने तिचा भाग पहिली दोन वर्षे दादाला वाहायला दिला.

येथून पुढचा भाग सरकारी आहे आणि तो धीराचा आहे. सगळे सहधारक राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. १५ मे २०२३ रोजी आम्ही तो केला. सोबत महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढलेले डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे, आठ-अ, गटांचे नकाशे, हिस्स्यांचा कच्चा नकाशा आणि चौघांच्या सह्यांचे वाटणीपत्र जोडले, ज्याला १०० रुपयांचा मुद्रांक लागला. सातबाऱ्याची एक प्रत पंधरा रुपयांना पडते. ती अर्जाच्या दोनचार दिवस आधीच काढावी, जुनी चालत नाही. अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. आमचा अर्ज मध्यंतरी सापडेनासा झाला होता, तेव्हा त्या क्रमांकानेच तो मिळाला.

जबाबासाठी १२ जूनला चौघांना बोलावले आणि तेथे दोन त्रुटी निघाल्या. ताईचे नाव सातबाऱ्यावर माहेरचे आणि आधारवर सासरचे होते. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. दुसरी त्रुटी बोज्याची. बाबांचे सोसायटीचे पीक कर्ज केव्हाच फिटले होते, पण सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा तसाच राहिला होता. कर्ज बाकी नसल्याचा निल दाखला आणून तो कमी करून घ्यायला जवळजवळ दोन महिने गेले. वाटणीचा विचार मनात आला की सर्वांत आधी या दोन गोष्टी तपासाव्यात, नाहीतर सगळे तिथेच अडकते.

त्याच जूनमध्ये पाऊस लांबला. मृग कोरडा गेला आणि गावात काहींनी धूळपेरणी केली. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका म्हणून सांगत होता. आधी मी अशा वेळी मारुतीकडे धावलो असतो. या वेळी प्रश्न देवळात नेण्यासारखा नाही हे मला कळले, आणि मी थांबलो. देवाकडे मी फक्त थांबण्याचा धीर मागितला. जून सरता सरता पाऊस आला तेव्हा पेरले.

ऑगस्टमध्ये कार्यालयाबाहेरच्या एका मध्यस्थाने सांगितले की पाच हजार दिले तर आदेश आठवड्यात हाती येईल. दादा द्यायला तयार होता. रब्बीपूर्वी सातबारा वेगळा झाला तर त्याचा ठिबकचा अर्ज त्या वर्षी बसला असता, म्हणजे त्याचे नुकसान खरे होते आणि मी ते हलके मानत नाही. मी एक रात्र मागून घेतली. दुसऱ्या दिवशी मी त्याला इतकेच म्हणालो की जे आपण आखाजीला बाबांच्या घागरीसमोर ठरवले, त्याच्या कागदाला हा डाग मला नको आहे. तो मानला, पण मनापासून नाही. आदेश डिसेंबरमध्ये आला, आणि ठिबकचे वर्ष हुकले. दादाला त्याबद्दल अजूनही हळहळ वाटते. हा निर्णय बरोबर होता असे मी मानतो, आणि त्याची किंमत माझ्यापेक्षा त्याने जास्त मोजली, हेही तितकेच खरे आहे. पुढच्या हंगामात माझ्या पाण्याच्या दोन पाळ्या मी त्याला दिल्या.

आदेशावरून फेरफार जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात धरला गेला, पुन्हा नोटिसीचे पंधरा दिवस, आणि महिनाअखेर चार वेगळे सातबारे हाती आले. फेब्रुवारीत भूमी अभिलेख कार्यालयात पोटहिस्सा मोजणीचा अर्ज केला. तेव्हा मोजणी साधी, तातडीची आणि अतितातडीची अशी असे आणि शुल्क त्यावर व क्षेत्रावर ठरे. आम्ही साधी भरली. मध्ये लोकसभेची निवडणूक आली, आमच्या मतदारसंघात २६ एप्रिलला मतदान होते, आणि बरेच कर्मचारी त्या कामावर होते, त्यामुळे तारीख मेमध्ये गेली. ज्यांना वाटणीपत्राची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करायची आहे, त्यांच्यासाठी एक सांगण्यासारखे आहे: शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय शासनाने मे २०२५ मध्ये घेतला. आमच्या वेळी तो नव्हता.

प्रवास, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रे, वकील आणि मोजणी धरून आमचा एकूण खर्च चौदा हजारांच्या आसपास झाला आणि तो चौघांत सारखा वाटला. आईने तिचा वाटा पिशवीतून मोजून दिला, घेऊ नका म्हटले तरी.

१४ मे २०२४ रोजी भूकरमापक सकाळी सातलाच आले. ताई आदल्या दिवशीच मुक्कामी आली होती. भूकरमापकांनी हिस्सेवार नावे पुकारली तेव्हा ती डोक्यावरचा पदर सावरून पुढे झाली आणि तिने आपले संपूर्ण नाव सांगितले, माहेरचे आणि सासरचे दोन्ही. अकरापर्यंत खुणा झाल्या आणि दुपारपर्यंत आम्ही दगड रोवले. पांदणीच्या कडेला आपोआप उगवलेले कडुनिंबाचे एक रोप नेमके तिच्या हद्दीत आले. वखरणीत ते जाऊ देऊ नको, असे ती दादाला म्हणाली. दादाने जेवायला जाण्याआधी त्याच्याभोवती बोराट्या रोवल्या.